रफ वहीतला हिशोब: नववीतल्या एका मुलाच्या मनातले आत्महत्येचे विचार

हे प्रकरण कुणा एका मुलाचं जसंच्या तसं नाही. ओळख पटू नये म्हणून अनेक मुलांच्या बाबतीतले तपशील एकत्र करून ते उभं केलंय, आणि मुलाला मुद्दामच नाव दिलेलं नाही. वाचता वाचता असे विचार आपल्याच मनात येतात असं लक्षात आलं, तर लेख बाजूला ठेवून आधी कुणाशी तरी बोला. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

कसं लक्षात आलं

मुलगा १५ वर्षांचा, नववीतला. समुपदेशनासाठी त्याला माझ्याकडं पाठवलं विज्ञानाच्या सरांनी. सहामाहीचे पेपर वाटले जात होते. एरवी अर्ध्या मार्कासाठी सरांच्या टेबलापाशी ठाण मांडून बसणारा हा मुलगा. त्या दिवशी त्यानं पेपर घेतला, चार घड्या घातल्या आणि दप्तरात कोंबला. किती मिळाले तेही पाहिलं नाही. गुण काही वाईट नव्हते, मागच्यापेक्षा जरा कमी, इतकंच. सरांना खटकलं ते त्याचं न भांडणं. पुढचे काही दिवस त्यांनी लक्ष ठेवलं, तर मधल्या सुट्टीतही तो बाकावरून उठत नव्हता आणि डबा न उघडताच परत जात होता.

घरच्यांचं उत्तर तयार होतं: अभ्यासाचं टेन्शन. वर्गशिक्षिकेचंही तयार होतं: मोबाइल. ही दोन्ही उत्तरं अगदीच खोटी नसतात, पण ती दिली की पुढचं विचारणं थांबतं. इथं गुण घसरले म्हणून मुलगा खचला असं झालेलं नव्हतं. तो आधीच खचला होता, गुण नंतर घसरले.

आईची तक्रार वेगळीच होती: "एक शब्द बोलायची सोय नाही, अंगावर येतो." तिला तो उद्धट झालाय असं वाटत होतं. मोठ्या माणसांत नैराश्य म्हणजे उदास चेहरा, ही आपली समजूत. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं, आणि निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासीऐवजी चिडचिड ग्राह्य धरली जाते. घरात मात्र चिडचिडीला औषध मिळतं ते बोलणी खाण्याचं.

पहिली भेट

सुरुवातीलाच त्याला सांगितलं की इथलं बोलणं इथंच राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला काय सांगणार ते आधी तुला सांगेन. हे ऐकून काही मुलं तिथल्या तिथं ठरवतात की काय सांगायचं नाही. तरीही ते आधीच सांगावं, नंतर कळलं तर मुलाला तो विश्वासघात वाटतो.

बोलणं झोपेपासून सुरू झालं. झोप लागायला रात्रीचे दोन वाजायचे आणि पहाटे पाचच्या आत जाग यायची. मग एकेक पायरी पुढं गेले.

"झोपलो ते उठूच नये, असं वाटतं का?"

"हो."

"मरून जावं असं?"

त्यानं मान हलवली.

"स्वतःचा जीव घ्यायचा विचार येतो?"

बराच वेळ गेला. "येतो. रोज नाही."

त्यानंतरचे प्रश्नही तितक्याच साध्या आवाजात विचारले: कधीपासून, किती वेळ टिकतो, काही ठरवलंयस का, तयारी केलीयस का, आधी कधी प्रयत्न केला होतास का. केली पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येचा धोका तपासण्यासाठी तयार केलेली कोलंबिया मापनश्रेणी साधारण याच क्रमानं जाते, 'उठूच नये' इथपासून प्रत्यक्ष कृतीपर्यंत. त्यानं काही ठरवलेलं नव्हतं, तयारी नव्हती, पूर्वी प्रयत्न नव्हता. पण गेल्या महिन्यात विचार जास्त वेळा यायला लागले होते आणि ते टाळणं अवघड जात होतं.

असं सरळ विचारायला शिक्षक आणि पालक फार घाबरतात. आपणच मुलाच्या डोक्यात नको ते घालू, ही त्यांची भीती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात यावरचे अभ्यास तपासले गेले, त्यांत किशोरवयीनांवरचेही होते. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार लक्षणीय वाढले, असं त्यातल्या एकाही अभ्यासात दिसलं नाही. माझ्या समोरच्या मुलांच्या चेहऱ्यावर तर मला बहुतेक वेळा सुटल्याची भावनाच दिसते.

शेवटी विचारलं, "मग थांबलास कशामुळे?" तो म्हणाला, "बहीण." आणि मग दप्तरातून रफ वही काढून त्यानं मागचं एक पान उघडलं.

ते पान

पानावर दोन रकाने होते. डावीकडे बाबी: क्लासची फी, व्हॅन, चष्मा, बूट, वह्या, जेवण (पुढं 'अंदाजे' असं लिहिलेलं). उजवीकडे आकडे. खाली बेरीज, बेरजेला बारानं गुणलेलं. त्याच्याखाली एक रेघ आणि कर्जाची रक्कम. तो नसला तर हे कर्ज किती महिने आधी फिटेल, त्याचा भागाकार. आकडेमोड अचूक होती, हातचाही चुकला नव्हता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या सिद्धान्तात मरणाच्या इच्छेमागं दोन भावना एकत्र येतात: मी कुणाचाच नाही आणि मी सगळ्यांना ओझं आहे. विचाराकडून कृतीकडं जायला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वेदनेची आणि मरणाची भीती मोडणं. ती बहुधा अनुभवातून मोडते. या मुलाची तिसरी बाजू अजून शाबूत होती, त्याला भीती वाटत होती आणि ते चांगलं लक्षण होतं. दुसरी भावना मात्र त्यानं चक्क कागदावर मांडून ठेवली होती.

घर

वडिलांचा व्यवसाय दीड वर्षापूर्वी बसला होता. कर्ज होतं, हप्ते चुकत होते. आईवडिलांनी मिळून ठरवलं की मुलांना यातलं काही कळता कामा नये. हेतू चांगला होता. घरातलं बोलणं रात्री अकरानंतर आणि दबक्या आवाजात होऊ लागलं. भिंतीपलीकडं जागा असलेल्या मुलाच्या कानावर त्यातलं अर्धं पडायचं: "फी", "यंदा जमणार नाही", "दोघांचं कसं करायचं". उरलेलं अर्धं त्यानं मनानंच भरून काढलं. सकाळी विचारलं तर "काही नाही, तू अभ्यासाकडं लक्ष दे" हे उत्तर.

मुलांपासून अडचणी लपवल्या की त्यांना त्यांची झळ लागत नाही, ही समजूत मला पटत नाही. मुलाला अडचण कळतेच. फक्त ती किती मोठी आहे आणि त्यात आपला वाटा किती, हे विचारायला माणूस उरत नाही. मग मुलं एकटीच हिशोब मांडतात, आणि एकट्यानं मांडलेल्या हिशोबात दोषाच्या जागी बहुतेक वेळा स्वतःचंच नाव येतं.

दुसरी गोष्ट आईशी एकटीशी बोलताना निघाली. घरातल्या जवळच्या कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, हा प्रश्न नेहमीचाच. ती थांबली, दाराकडं पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्याचे काका. पण मुलांना अपघात असंच सांगितलंय." जवळच्या नात्यात आत्महत्या झालेली असणं हा ठळक जोखीम घटक मानला जातो. त्यात थोडा वाटा आनुवंशिकतेचा, थोडा अनुभवाचा. मुलाला खरं काय ते चुलतभावाकडून केव्हाच कळलं होतं. आपल्या घरात अशा गोष्टीवर बोलत नाहीत, एवढा धडा त्यानं त्यातून घेतला होता.

शाळा

वर्षाच्या सुरुवातीला तुकड्या बदलल्या आणि पाच वर्षं एकाच बाकावर बसणारा सोबती दुसऱ्या वर्गात गेला. मोठ्यांना ही बाब किरकोळ वाटते. नव्या वर्गात कोण कुणाबरोबर डबा खाणार हे आधीच ठरलेलं होतं.

मग एके दिवशी कार्यालयातून यादी आली आणि फी थकलेल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचली गेली. त्यात याचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर त्याचं नाव 'हप्ता' पडलं. कुणी मारलं नाही, धमकी दिली नाही, त्यामुळे शाळेच्या लेखी छळाची तक्रारच नव्हती. घरी जे जिवाच्या आकांतानं झाकलं जात होतं ते चाळीस मुलांसमोर उघडं पडलं, आणि हे घरी सांगावं तर घरी तो विषयच नव्हता.

सरांनी ओळखलं, त्यांना पूर्ण श्रेय. पण अशी नजर सगळ्या शिक्षकांना शिकवली की झालं, असा निष्कर्ष काढायची घाई नको. युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांमधल्या ११,११० विद्यार्थ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं तिथं ठळक फरक दिसला नाही. मुलांनाच ताण, नैराश्य आणि मदत मागणं याबद्दल चर्चेतून आणि भूमिका वठवून शिकवलं, तिथं वर्षभरात आत्महत्येचे नवे प्रयत्न आणि तीव्र विचार जवळपास निम्म्यावर आले. इथंही त्या ग्रुपवरच्या चार-पाच जणांना 'हे चुकतंय' असं वाटलं होतं, हे नंतर कळलं. ते बोलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याचं मन

लहानपणापासून तो नीटनेटका. खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहिणारा. हे कौतुकानं सांगितलं जायचं. पण परिपूर्णतेच्या हव्यासाचा एक प्रकार असा असतो की माझ्याकडून सगळ्यांना निर्दोष वागणं हवंय आणि तसं झालं नाही तर माझी किंमत शून्य. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली हा प्रकार वेगळा काढून दाखवला, आणि आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध पुढं वारंवार दिसला.

एक गोष्ट मी दरवेळी तपासते. त्याला म्हटलं, "मजा आली असा एखादा दिवस सांग." उत्तर आलं, "आधी सगळं बरं होतं." दिवस सांग म्हटलं, तर "सुट्टीत बरं असायचं". पुन्हा विचारलं तरी नेमका प्रसंग निघेना. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांमध्ये आठवणी अशा मोघम होतात हे मार्क विल्यम्स यांनी १९८६ साली नोंदवलं. याचा तोटा फक्त आठवणींपुरता राहत नाही. मागच्या वेळी अडचणीतून नेमका कसा बाहेर पडलो हेच आठवत नसेल, तर पुढच्या अडचणीला मार्ग सुचणार कुठून? त्यात रोज तीन तास झोप. अशा डोक्याला दोनच पर्याय दिसतात: हे असंच चालू राहणं किंवा संपवणं.

घटकांची यादी का पुरत नाही

कर्ज, काकांची आत्महत्या, तुटलेली मैत्री, चिडवणं, परिपूर्णतेचा हव्यास, नैराश्य, झोप. यादी केली तर ती कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्यासारखी दिसते. पण यांतले तीन-चार घटक असलेली आणि कधीच मरणाचा विचार न करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. २०१७ साली पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जोखीम घटकांवरून आत्महत्येचा अंदाज बांधण्याची क्षमता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच बरी निघाली. म्हणून यादीतल्या खुणा मोजून 'कमी धोका' असा शेरा मारणं मला धोक्याचं वाटतं.

इथं उपयोगी पडलं ते एकानं दुसऱ्याला कसं अडकवलं हे पाहणं. घरच्या मौनामुळं त्याला हिशोब एकट्यानं करावा लागला. शाळेत नावं वाचल्यामुळं त्या हिशोबावर जगाचा शिक्का बसला. सोबती नसल्यामुळं तो कुणाला दाखवता आला नाही. काकांच्या मृत्यूनं 'असंही करता येतं' हे माहीत झालं होतं. आणि अपुऱ्या झोपेनं उलट विचार करायची ताकद काढून घेतली. यातली एखादी कडी सुटली असती तर बाकीच्यांची पकड सैल झाली असती, असं मला वाटतं.

त्याच दिवशी

आईवडिलांना बोलावलं. काय सांगायचं ते त्याच्याबरोबर आधी ठरवलं. त्याची अट एकच होती: पान बाबांना दाखवायचं नाही. ती मान्य केली, पण त्याला आपण घराला ओझं आहोत असं वाटतं, हे सांगायचं ठरलं.

वडील म्हणाले, "आम्ही कुठं काय कमी केलं याला?" आई रडत म्हणाली, "माझी शपथ घे, असं काही करणार नाहीस." ती शपथ घेऊ दिली नाही. 'जीव देणार नाही' अशी वचनं किंवा लेखी करार उपयोगी पडतात याला पुरावा नाही. शिवाय पुढच्या वेळी विचार आला की शपथ मोडल्याचा अपराध वाटतो आणि मूल तो विचार लपवू लागतं. आईला सांगितलं, त्याच्याकडून एवढंच मागा: विचार आला की मला उठवायचं, रात्री कितीही वाजले असले तरी.

त्याऐवजी सुरक्षितता योजना लिहिली. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांची ही पद्धत आता जगभर वापरली जाते. विचार वाढत चाललेत हे कशावरून कळतं, तेव्हा एकट्यानं काय करता येतं, कुठं किंवा कुणात जाऊन बसता येतं, मदत कुणाकडं मागायची, तज्ज्ञ आणि हेल्पलाइनचे क्रमांक, आणि घर सुरक्षित करणं. त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. पहिल्या मुद्द्यापुढं त्यानं लिहिलं: 'रफ वही उघडावीशी वाटते'. माणसांच्या यादीत सगळ्यात वर मामा होता, आईवडील तिसऱ्या ओळीत. वडिलांना ते लागलं. पण यादी त्याची होती.

घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधं कुलपात गेली. याला पालक सहसा कमी लेखतात. आत्महत्येच्या विचाराची तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसणं हे जीव वाचवण्याच्या सगळ्यात खात्रीच्या उपायांपैकी एक आहे.

पुढचे महिने

मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम तीव्रतेचं नैराश्य असल्याचं निदान केलं आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. वडिलांनी इंटरनेटवर वाचलं होतं की या गोळ्यांनी मुलांत आत्महत्येचे विचार वाढतात. शंका रास्त होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली नैराश्यावरच्या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. २४ चाचण्यांत असे विचार किंवा वर्तन गोळी घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत दिसलं, खोटी गोळी घेणाऱ्या २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मुलाला एकटं सोडू नका, दर आठवड्याला दाखवा आणि गोळ्या मनानं बंद करू नका, असा आहे.

इकडं शाळेनं पत्रक दिलं: 'बरा असल्याचं प्रमाणपत्र आणेपर्यंत घरीच ठेवावं.' त्यामागं जबाबदारी अंगावर येण्याची भीती होती, ती समजते. पण एकटं पडलेल्या मुलाला आणखी एकटं पाडण्याचा तो मार्ग होता. १९९७ साली अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या राष्ट्रीय पाहणीतून दिसलं होतं की घराशी आणि शाळेशी असलेली जवळीक आत्महत्येच्या विचारांपासून संरक्षण देते. तज्ज्ञांचं पत्र दिलं, भेट घेतली, आणि आठवड्याभरात तो वर्गात परतला, जुन्या सोबत्याच्या तुकडीत. विज्ञानाचे सर हे त्याचे ठरलेले माणूस झाले. बरं वाटत नसेल तर कारण न सांगता त्यांच्याकडं जाऊन बसायचं.

सत्रांमध्ये सगळ्यात जास्त वेळ त्या पानाला दिला. जमेची बाजू भरायला घ्यावी असा मोह होता: तू बहिणीला शिकवतोस, आईला मदत करतोस. पण तसं केलं असतं तर माणसाचा ताळेबंद मांडता येतो हेच मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि एखाद्या वाईट महिन्यात त्यानं पुन्हा तोटा काढला असता. त्याऐवजी विचारलं, "बहिणीचं पान कुठंय?" बहिणीला दमा होता, तिच्या औषधांचा खर्च त्याच्यापेक्षा जास्त होता. तो उसळला. "तिचा काय संबंध? तिचा कोण हिशोब करतं?" मी काही बोलले नाही. त्यालाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. पुढच्या सत्राला येऊन म्हणाला, "पण ती लहान आहे." म्हणजे वाद संपला नव्हता. कित्येक आठवडे तो चालला, आणि चालला हेच बरं झालं.

घरी वडिलांनी एका रविवारी दोन्ही मुलांना बसवून कर्जाची खरी परिस्थिती सांगितली. हप्ते कमी करून मुदत वाढवून घेतली होती, हे मुलाला माहीतच नव्हतं. त्याचा भागाकार जुन्या आकड्यांवर होता. तेव्हा पान त्यानं आपणहून वडिलांना दाखवलं. वडील काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर विजेची आणि फोनची बिलं भरण्याचं काम त्याच्याकडं आलं. 'तू ओझं नाहीस' हे कितीदाही सांगितलं तरी मुलाला ते लाडाचं बोलणं वाटतं. घरातलं खरं काम हातात आलं की त्याचा अर्थ वेगळा लागतो.

वार्षिक परीक्षेआधी विचार पुन्हा दोन रात्री जोरात आले. पहिल्या रात्री त्यानं मामाला फोन केला, दुसऱ्या रात्री आईला उठवलं. झोप आता सहा-साडेसहा तास आहे. विचार अधूनमधून येतात, टिकत नाहीत. औषध अजून चालू आहे. काकांबद्दल घरात एकदाच बोलणं झालं, अर्धवट. वडिलांना ते जमत नाही आणि त्यासाठी घाई केलेली नाही.

फी थकलेल्यांची नावं वाचणं त्याच्या वर्गापुरतं थांबलं. बाकीच्या वर्गांत पुढच्या सत्रातही यादी वाचली गेली, हे बहिणीकडून कळलं. ती त्याच शाळेत सहावीत आहे. मुख्याध्यापकांना पुन्हा पत्र दिलंय, आणि बहिणीलाही एकदा भेटायला बोलावलंय.